कुणाचा डबा कुठल्या दिवशी

राजाजीनगर, बेंगळुरू
८ जुलै २०२५

प्रिय चंदना,

तू फोनवर म्हणालीस, "वहिनी, शंका असली की लिहून पाठव, लिहिताना निम्मी आपोआप सुटते." म्हणून ही मेल. निम्मी काही सुटली नाही, उलट दोन वाढल्या.

वेबपानं बनवायचा तो ऑनलाइन कोर्स अजून सोडलेला नाही, हे आधी सांगते, कारण तुझ्या भावानं, अण्णानं, तुला वेगळं सांगितलं असेल. सकाळी ते होसकोट्याला फॅक्टरीत गेले आणि दुपारी आई जरा पडल्या की तुझा जुना लॅपटॉप उघडून बसते. व्हिडिओतला पोरगा दर वाक्याला "किती सोपं आहे" म्हणतो. मला एक बटण पानाच्या मधोमध आणायला आठवडा गेला. ते रुसल्यासारखं डाव्या कोपऱ्यात जाऊन बसायचं. मधोमध आलं तेव्हा मी आईंना उठवून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सरी, बरं झालं, आता चहा ठेव."

आता कोर्सच्या शेवटी स्वतःचं काहीतरी करून दाखवायचं आहे. मी असं पान करते आहे की यादीतून नाव निवडायचं, दिवस निवडायचा, बटण दाबलं की नोंद. सगळं होतं, पण पान बंद करून उघडलं की नोंदी गायब. त्या टिकवायच्या कशा?

कशासाठी म्हणशील, तर सरावच आहे. आई बऱ्या आहेत. तू पाठवलेलं कानाचं यंत्र त्या अजून लावत नाहीत.

तुझी,
कावेरीवहिनी


पुणे
१० जुलै २०२५

वहिनी,

बटण मधोमध आणायला मलाही पहिल्या नोकरीत दोन दिवस लागले होते, फक्त मी ते कुणाला सांगितलं नाही. तू सांगतेस म्हणजे तू माझ्यापेक्षा लवकर शिकशील.

नोंदी ब्राउझरमध्येच साठवायच्या, त्याची सोय असते. कसं ते खाली चार ओळींत लिहिलं आहे. सरावाला एवढं भरपूर झालं, फार खोलात जाऊ नकोस.

आईचं मला खरंच काळजीचं वाटतंय. जूनमध्ये चौथ्या क्रॉसच्या, त्या आडव्या गल्लीतल्या घरी सुतकात एकाच दिवशी दोन डबे गेले आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही, असं पद्माकरकाकांनी मला फोन करून सांगितलं. आपल्या समाजाच्या मंडळाचे सेक्रेटरी आहेत, त्यांना बोलावंच लागणार. कुणाच्या घरी माणूस गेलं की दहाव्यापर्यंत त्या घरची चूल पेटत नाही, समाजातल्या बाकीच्या घरांनी डबे पोचवायचे, आणि कुणाचा डबा कुठल्या दिवशी हे कृष्णाबाईंनी, म्हणजे आपल्या आईनं, फोनवर सांगायचं. लहानपणापासून मी हे बघतेय. तेव्हा तिला ऐकू यायचं. आता ती फोनवर सगळ्यांना "सरी, सरी" म्हणते आणि कोण काय बोललं ते तिला कळत नाही.

काका केटरर ठरवायचं म्हणतात. चुकीचं काय आहे त्यात? एक फोन केला की रोज गरम जेवण. आईला सांग, पुरे झालं आता.

चंदना


राजाजीनगर, बेंगळुरू
२ ऑगस्ट २०२५

प्रिय चंदना,

झालं. टिकलं. पान बंद केलं, उघडलं, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तरी नोंद जागच्या जागी. कोर्समध्ये पिझ्झाच्या दुकानाचं पान शिकवलं होतं, त्याचाच सांगाडा घेतला आणि आपलं त्यात बसवलं. रंग मी निवडले. नावं अकारविल्हे लावली. बटण दाबलं की वरून फुलं पडतात, तेही त्या पोरानं शिकवलेलं.

केटररचं मी आईंना सांगितलं नाही. तुला सांगायचं असेल तर तू सांग, मला नाही सांगवत. गेल्या आठवड्यात पद्माकरकाका स्वतः येऊन बसले आणि मोठ्यानं सगळं समजावून गेले. आईंनी त्यांना कॉफी दिली. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "हा काय म्हणत होता गे?" त्यांना सगळं कळलं होतं. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की त्यांना कळलंय.

हे पान आता लॅपटॉपच्या बाहेर, लोकांना उघडता येईल असं कसं ठेवतात?

कावेरीवहिनी


पुणे
४ ऑगस्ट २०२५

वहिनी,

शाब्बास. पान इंटरनेटवर चढवायची कृती सोबत पाठवते, अर्ध्या तासाचं काम आहे. माझ्याकडे नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज चालू आहे, तुझा कोड बघायला वेळ मिळाला नाही, पण तू केलंयस म्हणजे नीटच असणार. लिंक कुणाकुणाला पाठव आणि कौतुक करून घे.

दसऱ्यानंतर आईला माझ्याकडे आणायचं ठरवतेय. इथे फोनही नकोत आणि डबेही नकोत.

चंदना


पुणे
५ सप्टेंबर २०२५

वहिनी,

महिना झाला, तुझी एक ओळ नाही. अण्णाला विचारलं तर म्हणतो, "सगळं आराम आहे." आईला फोन केला, तिनं उचलला नाही. काल पुन्हा केला, तरी नाही. माझं केटररबद्दलचं बोलणं तुला लागलं असेल तर सरळ भांड. पण बोल.

चंदना


राजाजीनगर, बेंगळुरू
८ सप्टेंबर २०२५

प्रिय चंदना,

तुझ्यावर राग नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून लिहिलं नाही.

ते पान सरावाचं नव्हतं. डब्यांचे वार लावायला केलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू आधी हसली असतीस आणि मग केटररचा नंबर पाठवला असतास, असं मला वाटलं. आईंचं काम आईंच्या घरातच राहावं, एवढंच मला हवं होतं.

बनशंकरी भागातले देवाप्पा ऑगस्टअखेर गेले. मी आईंना म्हटलं, "या खेपेला फोन करू नका, मी सोय केली आहे." बायकांच्या ग्रुपवर लिंक टाकली, आपापला दिवस निवडा म्हणून. सगळ्यांचे निरोप आले, निवडला, निवडला. मी पान उघडून पाहायची, तर मला एकच नोंद दिसायची, आपल्या घरची. वाटलं, इंटरनेट हळू आहे.

पहिल्या दिवशी देवाप्पांच्या दारात डब्यांची रांग लागली. ठेवायला जागा नाही, खायला तेवढी माणसं नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणीच नाही. त्यांचा मुलगा दयानंद दुपारी दीडपर्यंत वाट बघत होता. शेवटी सुतकातल्या माणसानं चप्पल घालून कोपऱ्यावरच्या हॉटेलातून इडल्या आणल्या. बनशंकरीत हे सगळ्यांनी पाहिलं.

आणि याहून वाईट आहे ते ऐक. पिझ्झाच्या पानात शेवटी जे वाक्य होतं, त्याचं मी मराठी करून तसंच ठेवलं होतं. डबा नोंदवला की फुलं पडायची आणि खाली यायचं, "धन्यवाद! पुन्हा नक्की या!" ज्या दारातून निघताना आपण "येतो" सुद्धा म्हणत नाही, त्या दारच्या डब्यावर मी हे लिहिलं. मंडळातल्या गंगव्वाकाकूंनी ते सुनेकडून वाचून घेतलं आणि तशाच घरी आल्या. आईंसमोर फोन धरून म्हणाल्या, "कृष्णाबाई, हे तुमच्या घरनं आलंय."

आईंनी काकूंना बसवून कॉफी दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून स्वयंपाक केला, रिक्षा केली आणि एकट्या बनशंकरीला डबा घेऊन गेल्या. तेव्हापासून त्या कुणाचाच फोन घेत नाहीत. १२ ऑक्टोबरला मंडळाची सभा आहे. केटररचा ठराव त्यात येणार.

पान का चुकलं तेवढं सांग. बाकी काही सांगू नकोस.

कावेरीवहिनी


पुणे
९ सप्टेंबर २०२५

वहिनी,

का चुकलं ते सांगते. ब्राउझरमध्ये साठवलेलं ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहतं. तू प्रत्येकीच्या हातात एक कोरी पाटी दिलीस आणि प्रत्येकीला वाटलं की आपण शाळेच्या फळ्यावर लिहितोय. तू एका शब्दानं जरी म्हणाली असतीस की चाळीस घरं हे वापरणार आहेत, तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की ही पद्धत चालणार नाही. मला खूप राग आला आहे. मी हसले असते म्हणतेस. मला तू इतकं परकं धरलंस?

आणि हो, मी तुझा कोड उघडला असता तर मलाही दिसलं असतं. उघडला नाही.

आता पुढचं. तू त्याला हात लावू नकोस. मी एका रविवारात सगळ्यांच्या नोंदी एकाच जागी ठेवणारा सर्व्हर लावून सगळं नवं करून देते. खरं तर तेही नको. केटरर येऊ दे आणि आईला माझ्याकडे पाठव. तिची चारचौघांत आणखी शोभा झालेली मला बघवणार नाही.

चंदना


राजाजीनगर, बेंगळुरू
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय चंदना,

तू एका रविवारात करशील, यात मला शंका नाही. पण करायचं नाहीस. माझ्या हातून मोडलं आहे, मीच जुळवणार. आणि आईंना पुण्याला यायचं असेल तर त्या स्वतः सांगतील. मी त्यांना पाठवणार नाही.

पहिले आठ दिवस मी लॅपटॉप उघडलाच नाही. आईंशेजारी बसून राहिले. जे मी जूनमध्ये विचारायला हवं होतं ते आता विचारलं, कानाजवळ तोंड नेऊन.

"आई, वार तुम्ही कसे ठरवत होता?"

"ठरवायचं काय त्यात. डोळे मिटायचे, त्या घराच्या दारातनं निघायचं आणि एकेक क्रॉस चालत यायचं. जे घर लागलं ते लागलं. कोण आजारी आहे, कुणाकडे लग्न आहे, कुणाच्यात आणि त्या घरच्यांच्यात बोलणं नाही, ते सोडून द्यायचं."

"आणि बायकांनीच आपापला दिवस निवडला तर?"

आई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मयताच्या घरी मला हा दिवस द्या म्हणून कुणी मागतं काय गे? सगळ्यांना पहिलाच दिवस पाहिजे असतो. सांगितलेला वार घ्यायचा असतो."

चंदना, मी अख्खं पान उलटं बांधलं होतं. चाळीस जणींना निवडायला लावलं, आणि निवडायचं काम एकीचंच होतं. मग सर्व्हर हवा कशाला? पान फक्त आईंच्या फोनमध्ये राहू दे. तू शिकवलेलं साठवणं तेवढ्याला पुरतं. एकच पाटी, एकाच हातात.

अकारविल्हे यादी त्यांना दिली तर एकही घर सापडेना. आता घरं क्रॉसप्रमाणे लावते आहे, चालत गेल्यासारखी. अक्षरं मोठी. आणि सगळं कन्नड लिपीत. आपल्या घरांतल्या मोठ्या बायका बोलतात मराठी, पण शाळा कन्नडमध्ये झाली, हे मराठी शाळेत शिकलेली मी निपाणीची पोर विसरूनच गेले होते. आई माझं पहिलं पान बघून "छान" म्हणाल्या होत्या. त्यांना त्यातलं अक्षर वाचता आलं नव्हतं.

आता एकच अडलं आहे. आईंनी घरावर बोट ठेवलं की त्या घरच्या फोनवर जायचा निरोप तयार होऊन समोर यावा, त्यांनी फक्त पाठवायचं. म्हणजे बोलणं नको, ऐकणं नको. कोड पाठवू नकोस. वाट कुठून आहे तेवढं सांग.

कावेरीवहिनी


पुणे
२२ सप्टेंबर २०२५

वहिनी,

व्हॉट्सॲप उघडणारी अशी लिंक करता येते की तिच्यातच नंबर आणि मजकूर दोन्ही असतात. तू ती लिंक प्रत्येक घराच्या नावामागे लपव. मजकूर कन्नडमध्ये असला तरी चालतो, पण तो लिंकमध्ये घालण्याआधी एक बारीकशी प्रक्रिया लागते, ती तू शोध. सापडेल. आणि फोन हरवला तर काय, याचा विचार कर. रोजची यादी तुझ्याही फोनवर एक निरोप म्हणून येऊ दे.

तुझं पत्र मी ऑफिसात दोनदा वाचलं. आम्ही लाखो लोक वापरतात अशी पानं बनवतो. वापरणाऱ्याच्या शेजारी आठ दिवस बसलेला आमच्यात एकही नाही. मीही नाही.

केटररबद्दलचं माझं मत तेच आहे. ठराव होईल, तुला वाईट वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

चंदना


राजाजीनगर, बेंगळुरू
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय चंदना,

सभेचं ऐक.

पद्माकरकाकांनी ठराव वाचला. गंगव्वाकाकूंनी दुजोरा दिला, आणि मी त्यांना दोष देत नाही. दयानंद एका बाजूला मान खाली घालून बसला होता. मी उठले आणि म्हटलं, बनशंकरीच्या घरी जे झालं ते माझ्यामुळे झालं, आईंमुळे नाही. मग काका म्हणाले, "पोरी, चूक कुणाची हा प्रश्न नाही. पुढच्या वेळी नेमानं होईल याची हमी कोण देणार?"

आई पहिल्या ओळीत होत्या. त्यांनी ऐकलं की नुसतं ओळखलं, देव जाणे. पर्समधून फोन काढला, चष्मा लावला. मी घाबरले, कारण आदल्या दिवशी त्यांनी दोनदा भलतंच बटण दाबलं होतं. शिवाय कुणी गेलेलं नसताना सुतकाचे वार लावून दाखवणं शोभत नाही. पण आईंनी दिवाळीच्या मंडळाच्या जेवणाचं काढलं. सावकाश, एकेक घर, एकेक पदार्थ. हॉलमध्ये एक फोन वाजला. मग मागच्या ओळीत दुसरा. मग बायकांच्या पिशव्यांमधून एकामागून एक वाजायलाच लागले. "आमच्याकडे पुरणाचं." "आम्हाला चित्रान्न." गंगव्वाकाकूंनी आपला निरोप स्वतः वाचला, सुनेला न विचारता, आणि पुन्हा एकदा वाचला.

शेवटी पद्माकरकाकांचा फोन वाजला. त्यांनी वाचून दाखवलं, "तुमच्या घरून कोशिंबीर. मागच्या वर्षी कमी पडली." सगळे हसले, तेही हसले.

पण ठराव रद्द झाला नाही, पुढे ढकलला. काका म्हणाले, "एक संधी. पुढच्या सुतकात एक जरी दिवस रिकामा गेला, तर केटरर. मग कुणी काही बोलायचं नाही." आईंनी मान हलवली. त्या घरी येताना रिक्षात मला म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे."

कावेरीवहिनी


पुणे
१० नोव्हेंबर २०२५

वहिनी,

आज सकाळी मीटिंगमध्ये असताना आईचा निरोप आला. कन्नडमध्ये. "श्रीविद्याची आई काल गेली. तुझ्या घरचा वार गुरुवार, दुपारी बाराच्या आत. भाकरी, पालेभाजी, वरण. उशीर नको."

श्रीविद्या आपल्या भिंतीला भिंत लावून राहायची, पहिलीपासून माझ्या बाकावर. तिच्या आईचं ऐकून मी मीटिंगमधून उठले आणि जिन्यात जाऊन रडले. पण वार? मी पुण्यात आहे. लग्न होऊन बारा वर्षं झाली. माझं घर त्या यादीत कसं? तूच घातलंस ना? मी आईला फोन केला, तिनं चक्क उचलला, माझं काही ऐकू न येता "सरी, सरी" म्हणाली आणि ठेवून दिला.

मला रजा नाही. बेंगळुरूत चांगल्या हॉटेलातून गुरुवारी जेवण पोचेल अशी ऑर्डर देते. चालेल ना?

चंदना


राजाजीनगर, बेंगळुरू
११ नोव्हेंबर २०२५, सकाळ

प्रिय चंदना,

तुझं नाव मी घातलेलं नाही. पद्माकरकाकांचा मुलगा वेगळा झाला, म्हणून मी "नवीन घर" असं एक बटण केलं होतं. ते कसं वापरायचं हे आईंना शिकवायचं राहूनच गेलं. काल सकाळी पान उघडलं तर आपल्या क्रॉसमध्ये, आपल्या घराच्या लगेच खाली तुझं नाव.

मी म्हटलं, "आई, चंदना पुण्यात आहे."

"ठाऊक आहे गे. मी नोकरीला जायची तेव्हा हिला दुपारचं कोण वाढायचं? त्या बाईनं वाढलंय."

हॉटेलचं मला विचारू नकोस. तुला जमणार नसेल तर आईंना लिही. त्या रागावणार नाहीत, गुरुवार दुसऱ्या घराला देतील. कालचा डबा वेळेवर पोचला आहे. पुढचे सगळे वारही लागले आहेत, आणि पद्माकरकाका काल दुपारी त्या दारावरून एक चक्कर मारून गेले, रोज मारणार म्हणतात.

कावेरीवहिनी


पुणे
११ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळ

वहिनी,

आज रात्रीची बस घेतली आहे. उद्या दुपारी पोचते. ऑफिसात सांगितलं की घरी सुतक आहे. ते म्हणाले, कोण गेलं? मला एका शब्दात सांगता आलं नाही.

ज्वारीचं पीठ घरात आहे का बघ, नाहीतर मी येताना आणते. किती माणसांचा डबा, ते तुला न विचारता आईलाच लिहून विचारलं. लगेच उत्तर आलं.

"अकरा माणसं. मीठ बेतानं घाल, तुझा हात जड आहे."

चंदना